पापाचं राहिलं

छापखान्यात आम्हा बहीणभावाला मिळून एकच नाव होतं, तोंड-डोळा. मी तोंड, दादा डोळा. लेखकाचा कागद हातात धरून मी मोठ्यानं वाचायची आणि समोर छापून आलेल्या कच्च्या पानावर दादाची पेन्सिल फिरायची. हे वाचणं गोष्ट वाचल्यासारखं नसतं. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, पूर्णविराम आला की ‘पूर्णविराम’. एकवीस वर्षं हेच केल्यामुळे जिभेला तसं वळणच पडलं होतं. एकदा घरमालकाशी भांडताना मी म्हणाले होते, “तुम्ही स्वतःला समजता कोण, प्रश्नचिन्ह!” तो बिचारा भांडण विसरून माझ्याकडे बघत राहिला.

उरलेलं काम आम्ही घरी आणायचो. तिसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही टेबलाशी, आतल्या खोलीत आई. ती कान लावून असायची. माझा ‘पूर्णविराम’ ऐकला की आतून हाक यायची, “आला का पूर्णविराम? मग उठा, पानं वाढलीत.” एका पानात तीस-चाळीस पूर्णविराम असतात हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिला भूक लागली की जो येईल तो शेवटचा.

बारा वर्षांपूर्वी फादरांचं प्रार्थनापुस्तक आमच्याकडे तपासायला आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला, आठ घरं सोडून, एक छोटं चर्च आहे. तिथे फादर जुन्या पद्धतीची, लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, करायचे. माणसं जेमतेम वीस-बावीस. पुस्तकात डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर आपली भाषा. दादानं जन्मभर लोकांच्या चुका काढलेल्या. फादर त्याला म्हणाले, “या डावीकडच्या पानात शेकडो वर्षांत फारसा काना-मात्रेचाही फरक झालेला नाही.” झालं. माणसं बाईवर भाळतात, बाटलीवर भाळतात. आमचा दादा एका शुद्ध पानावर भाळला. रविवारी मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसायला लागला, मग पुढच्या. वर्षभरात त्यानं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. डोळा वळला तिकडे तोंड वळलं. आणि आई म्हणाली, “माझी दोन्ही पोरं जिथे, तिथे मी. देव काय, आपल्याला ओळखेलच.” तिघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. डोक्यावर पाणी पडल्यावर आईनं सगळ्यांसमोर टॉवेल मागितला होता.

त्या मिस्सेतला सर्वांत पवित्र भाग फादर पाठमोरे उभे राहून मनातल्या मनात म्हणतात. बाकांवर कुणालाच काही ऐकू येत नाही. पण आईला तो सगळा पाठ होता, कारण तिनं तो आमच्या घरात ऐकला होता, माझ्या तोंडून, स्वल्पविरामांसकट. त्यात एक जागा आहे, ‘ऊना कुम फामुलो तुओ पापा नोस्त्रो’. तुझा सेवक, आमचा पोप, याच्यासोबत, असा अर्थ. पुढे त्या वेळच्या पोपचं नाव घ्यायचं. पुस्तकात नावाच्या जागी ‘अमुक’ छापलेलं आहे.

‘ऊना कुम’ म्हणजे काय, असं आईनं मला एकदा विचारलं. मी कामात होते. म्हटलं, “सोबत, सकट.” पुढचं तिचं तिनंच लावून टाकलं. पापा नोस्त्रो म्हणजे आमचं पाप. आमच्या पापासकट आम्हाला पदरात घे.

दादा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. “अगं आई, पापा म्हणजे पोप!”

“असेल,” आई म्हणाली. “मला आपलं पापच बरं वाटतं. पोपांना कुणीही पदरात घेईल. आपलं काय?”

नऊ वर्षं आमचे रविवार असे गेले. मी सांगते, आमच्या घरातली तीच सर्वांत चांगली वर्षं. आई सकाळी सहालाच तयार होऊन बसायची. फादरांना तिचे उच्चार ऐकून हसू यायचं, ते खोकल्यात लपवायचे.

मग दादाकडे पोस्टानं पत्रकं यायला लागली. ती कुणी पाठवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की काही दशकांपूर्वी जगभरच्या चर्चनं प्रार्थना बदलल्या, शिकवण बदलली. आणि खरा पोप असं करूच शकत नाही. म्हणजे ज्यांनी हे केलं ते पोपच नव्हते. म्हणजे तेव्हापासून पोपची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर जो बसलेला दिसतो तो नुसता बसलेला आहे. दुसऱ्या कुणी हे वाचून रद्दीत टाकलं असतं. पण दादानं जुनी पानं आणि नवी पानं शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिल काढली. मी वाचत होते, तो खुणा करत होता. आठ महिने. शेवटी पानांचे समास खुणांनी काळे झाले. “बघ,” तो म्हणाला, “सरळसरळ ध चा मा केलाय.” हे म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. लोक त्याला हेकट म्हणाले, तर्कट म्हणाले. पण मी समोर बसलेली होते. आपलं घर पुन्हा एकदा चुकांनी भरलंय हे कळल्यावर माणूस जसा रडेल, तसा तो रडत होता.

तो फादरांकडे गेला. मीही मागे होते. त्यानं एकच विचारलं, “त्या जागी तुम्ही नाव घेता का?”

“कुठल्या जागी?”

“पापा नोस्त्रोच्या पुढे.”

फादर म्हणाले, “घेतो. मनात शंभर तक्रारी असतात, तरी घेतो. बाप चुकला म्हणून काय बाप बदलता येतो?”

“बापच नसेल तर?”

“तर मी पोरका आहे असं समजून नाव घेईन. पण घेईन.”

त्या रविवारपासून आम्ही चर्चला गेलो नाही. जो चुकीचं नाव घेतो त्याच्या मिस्सेला बसणं म्हणजे त्या चुकीखाली आपली सही करणं, असं दादाचं म्हणणं. त्यानं आयुष्यात कधी चुकीच्या पानावर सही केली नव्हती. मला पटलं होतं का? खरं सांगायचं तर मी स्वतःला विचारलंच नाही. तोंडानं वाचायचं असतं, खूण करायची नसते. हा नियम मी छापखान्यातून घरात कधी आणला ते माझं मलाच कळलं नाही.

रविवारी सकाळी दादा घरीच प्रार्थना वाचायचा. मिस्सा अर्थातच करता येत नव्हती, ती धर्मगुरूच करू शकतो. पण आईचा जीव त्या शब्दांत अडकलेला, म्हणून तो तिला ते नुसते वाचून दाखवायचा. त्या ओळीपाशी आला की ती ओळ गाळून पुढे जायचा. आई दर वेळी बोट वर करून म्हणायची, “अरे, पापाचं राहिलं.”

“ते पाप नाही, आई. ते नाव आहे. आणि तिथे आता कुणी नाही.”

“बरं,” ती म्हणायची. आणि पुढच्या रविवारी पुन्हा, “पापाचं राहिलं.”

तीन वर्षं अशी गेली. या वर्षी तिच्या छातीत पाणी व्हायला लागलं. दोनदा काढलं, तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता नको त्रास द्यायला. घरी न्या. दोन दिवस, फार तर चार.” तो सोमवार होता.

आईला कुणी सांगायची गरज नव्हती. मंगळवारी सकाळी उशीला टेकून बसत ती दादाला म्हणाली, “फादरांना बोलाव. मला कबुली द्यायचीय. आणि ते शेवटचं तेल, मरताना कपाळाला लावतात ते.”

“बोलावतो,” दादा म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

पण बाहेरच्या खोलीत येऊन त्यानं वेगळाच नंबर फिरवला. आमच्यासारखंच मानणारा एक धर्मगुरू दूरच्या शहरात होता, तिथून इथे यायला दीड दिवस. तो लगेच निघायला तयार झाला. एवढ्यावर थांबलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण दादानं त्याला विचारलं, “तुम्हाला दीक्षा कुठल्या बिशपनं दिली? आणि त्या बिशपला कुणी केलं?” समोरच्यानं न चिडता कागद पाठवले. दादा ते घेऊन टेबलाशी बसला. मला म्हणाला, “वाच.”

मी वाचलं. आत आई धापा टाकत होती आणि बाहेर मी कुणा अनोळखी बिशपांच्या तारखा वाचत होते, स्वल्पविरामांसकट. तिसऱ्या कागदावर दादाची पेन्सिल थांबली. एका ठिकाणी तारीख सहा होती, दुसऱ्या ठिकाणी तीच तारीख नऊ. त्यानं समासात प्रश्नचिन्ह काढलं.

“दादा, सहाचा नऊ झालाय. छपाईची चूक असेल. रोज बघतो आपण.”

“असेल,” तो म्हणाला. “नसलीही तर? त्याची दीक्षाच खरी नसेल तर? आईच्या कपाळावर नुसतं तेल लावून घेऊ? स्वयंपाकघरात तेल काय कमी आहे?” त्यानं पेन्सिल खाली ठेवली. “ही एक गोष्ट तरी बिनचूक होऊ दे. तिच्यासाठी तरी.”

त्यानं त्या धर्मगुरूला थांबायला सांगितलं आणि मूळ नोंदीसाठी तिकडच्या कुणाला तरी लिहिलं. बुधवार उत्तराची वाट बघण्यात गेला. आई दर तासाला विचारत होती, “आले का फादर?” आणि दादा म्हणत होता, “येताहेत.” ती खोटं ओळखणारी बाई. संध्याकाळी तिनं माझ्याकडे बघून पुटपुटल्यासारखं म्हटलं, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ घरं सोडून माणूस बसलाय.” मी तिचं पांघरूण नीट केलं. एवढंच केलं.

गुरुवारी दुपारी दादा आतल्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होता. तीन दिवसांत तो झोपला नव्हता. आईनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

“ते काही येत नाहीत,” ती म्हणाली. “तुलाच सांगते. फार जुनं आहे. तुमच्या जन्माच्याही आधीचं.”

आणि मी, तिची मुलगी, काय म्हणाले? मी म्हणाले, “मला नको सांगू, आई. मला ऐकायचा अधिकार नाही. कबुली धर्मगुरूलाच द्यायची असते. थांब जरा.”

तिनं माझं मनगट सोडलं. “बरं,” म्हणाली, दर रविवारी दादाला म्हणायची तसंच. एका म्हाताऱ्या बाईला पोटातलं एक ओझं उतरवायचं होतं आणि मी तिला नियम सांगितला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे इथे पहिल्यांदाच लिहितेय.

त्या ‘बरं’नं मात्र माझ्यातलं काहीतरी तुटलं. दादाला न उठवता मी चपला घातल्या आणि निघाले. फोनचा उपयोग नव्हता, फादरांना तो ऐकूच येत नाही. ते चर्चच्या मागच्या खोलीत ताट धूत होते. मी दारातूनच ओरडले, “आई.” त्यांनी ताट तसंच टाकलं, गळ्यात विधीचा पट्टा अडकवला, तेलाची डबी घेतली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आमचा जिना ते कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकत चढले. पहिल्या मजल्यावर थांबले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी वर धावावं की त्यांना धरावं ते मला कळेना.

दार उघडंच होतं. दादा खुर्चीतून उठून पलंगाच्या कडेवर बसला होता आणि आईचा हात त्याच्या दोन्ही हातांत होता. त्यानं वर बघितलं आणि मला कळलं.

“किती वेळ झाला?” फादरांनी विचारलं.

“दहा-बारा मिनिटं,” दादा म्हणाला. “ती विचारत होती. मला जाग आली तेव्हा विचारत होती, आले का.”

“मग अजून वेळ आहे.” फादरांनी डबी उघडली. “जीव एकदम जातो की रेंगाळतो, कुणी पाहिलंय?” त्यांनी अंगठा तेलात बुडवला, आईच्या कपाळावर टेकवला आणि लॅटिनमध्ये म्हणाले, ‘सी विविस’. एवढे दोन शब्द मला कळले. तू जिवंत असशील तर. अशा वेळेसाठी प्रार्थनेतच ती सोय होती. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, शंका आली की हात आखडायचा. इथे शंका होती म्हणूनच त्यांनी हात पुढे केला होता.

दादानं त्यांना अडवलं नाही. तो आईच्या कपाळावरच्या तेलाकडे बघत होता.

अंगठा पुसताना फादर म्हणाले, “मला आधी का नाही बोलावलंत?”

“तुम्ही नाव घेता,” दादा म्हणाला.

“बरं, घेतो. तुमच्या हिशेबानं मी चुकलेला, वाट सोडलेला माणूस. चालेल. पण मरणाच्या दारात तसाही चालतो की. ते तर पुस्तकातच आहे.” फादरांना खरंच नवल वाटत होतं. “तुमच्याच पुस्तकात. आजाऱ्यांच्या प्रार्थना आहेत ना, तिथे खाली टीप आहे बारीक अक्षरात. तुम्हीच तर तपासली होतीत.”

मग ते गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश आईपाशी बसले आणि प्रार्थना म्हणू लागले. दादा उठला. बाहेरच्या खोलीत आला. मी त्याच्या मागे. फळीवर छापलेलं पुस्तक होतं आणि त्याच्याशेजारी दोरीनं बांधलेली कच्ची पानं, कारण दादा आपलं तपासलेलं काही टाकून देत नाही. त्यानं दोरी सोडली. पान सापडलं. खाली चार ओळींची टीप होती आणि तिच्या समासात त्याच्याच पेन्सिलीची खूण. कुणीतरी ‘आणी’ असं दीर्घ जुळवलं होतं, त्यानं ते ऱ्हस्व केलं होतं. बाकी टीप शुद्ध होती.

आम्ही ती तीनदा वाचली होती. पहिलं मुद्रित, दुसरं मुद्रित, शेवटचं मुद्रित. मी मोठ्यानं, त्यानं डोळ्यांत तेल घालून. या धंद्यात अक्षरं वाचायची असतात, अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, हे दादानंच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तो खुर्चीत बसला. छापलेलं पुस्तक त्यानं माझ्याकडे सरकवलं, कच्चं पान आपल्यासमोर घेतलं. पेन्सिल हातात धरली.

“वाच,” तो म्हणाला.

“दादा, राहू दे ना.”

“वाच.”

मी वाचायला लागले. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला वाचताच येत नाही.

“मरण जवळ आलेल्या माणसाला, स्वल्पविराम, विधिपूर्वक दीक्षा झालेल्या कोणत्याही धर्मगुरूकडे, स्वल्पविराम, मग तो चर्चपासून वेगळा पडलेला का असेना, स्वल्पविराम, पापांची कबुली देऊन क्षमा मागता येते, स्वल्पविराम, आणि, णि पहिली...”

दादाची पेन्सिल त्या खुणेवर टेकलेली होती, हलत नव्हती.

“पुढे,” तो म्हणाला.

“आणि दुसरा कोणी वेळेवर मिळत नसेल तर शेवटचं तेलही घेता येतं. पूर्णविराम.”

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, मी पुस्तक धरून, तो मान खाली घालून. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. फादर प्रार्थना म्हणताना मध्येच श्वास घ्यायला थांबले होते. एकवीस वर्षांच्या सवयीनं आम्ही दोघंही कान देऊन बसलो होतो, तिची हाक येईल म्हणून.